ठोक्याची गोळी आणि मंगळवारचा डबा

गिऱ्हाईक औषधाचं नाव सांगून औषध मागतं, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. लातूरला ट्यूशनच्या गल्लीत माझं मेडिकल होतं, तेव्हा लोक यायचे आणि म्हणायचे, “ती पांढरी द्या.” मेडिकलमधल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. “बारीक पांढरी ओ, मधी रेघ हाय ती.” रेघही निम्म्यांना असते. मग खिशातून पाकिटाची चुरगळलेली चांदी निघायची, आणि नाव छापलेला तुकडा नेमका गोळीबरोबर फाटून गेलेला असायचा. अशा वेळी औषधशास्त्राची पदविका कामाला येत नाही, पोलीस खात्यातला अनुभव लागतो.

मुरूडचे एक मास्तर दर महिन्याला यायचे. गोळ्या घेतल्या की ते त्यातली एक माझ्यासमोर पेल्यातल्या पाण्यात टाकत आणि घड्याळ लावून बसत. विरघळली तर माल खरा. चाळीस वर्षं पोरांची परीक्षा घेतलेला माणूस, सवय जाते कुठं? मी दर महिन्याला पास व्हायची. एकदा कॅप्सूल पेल्यात नुसतीच तरंगत राहिली, तर पुढचे दोन महिने फिरकले नाहीत.

पण परीक्षा मीही घ्यायची. ठोक्याची गोळी मागायला कुणीही आलं, की माझे तीन प्रश्न ठरलेले. शुगर आहे का? तिची गोळी घेता का? जेवता किती वाजता? लोक वैतागायचे. एक बाई तर भर दुकानात म्हणाल्या, “म्याडम, गोळी द्यायलाव का सोयरीक जुळवायलाव?” सगळं दुकान हसलं. मीही हसले, पण उत्तर मिळाल्याशिवाय गोळी दिली नाही.

हा हट्ट का, ते समजण्यापुरतं औषधाचं थोडं सांगते. छातीत धडधडतं, ठोके चुकतात किंवा पळत सुटतात, त्यासाठी डॉक्टर ठोके आवरणारी गोळी देतात. प्रोप्रॅनोलॉल हे त्यातलं जुनं नाव. शुगरची गोळी रक्तातली साखर खाली आणते. त्या काळी ग्लिबेनक्लामाइड घरोघरी होती. ती एकदा पोटात गेली की माणूस जेवलाय की उपाशी आहे याची चौकशी करत नाही, आपलं काम करत राहते. जेवण झालेलं नसेल तर साखर नको तितकी खाली जाते. अशा वेळी शरीर आरडाओरडा करतं. छाती धडधडते, हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. माणूस घाबरतो, काहीतरी गोड तोंडात टाकतो आणि वाचतो. घरात चोर शिरला की कुत्रं भुंकतं, तसंच हे.

ठोक्याची गोळी त्या कुत्र्याला गप्प करते. धडधड थांबवायलाच तर ती दिलेली असते, तिचा काय दोष? छाती शांत, हात शांत, आणि साखर मात्र खाली खाली जात असते. शिवाय या जुन्या गोळीमुळे घसरलेली साखर पुन्हा वर यायलाही वेळ लागतो. घाम तेवढा खरं बोलत राहतो. पण आपल्याकडे घामाला विचारतो कोण?

आता हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका. ठोक्याची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं तर फारच वाईट. दोन्ही गोळ्या चांगल्या आहेत. कितीतरी माणसं दोन्ही घेतात आणि नातवंडांच्या लग्नात अक्षता टाकतात. फक्त एका डॉक्टरची गोळी दुसऱ्याला माहीत पाहिजे आणि पोट रिकामं राहता कामा नये, एवढंच.

एवढं मला पहिल्यापासून ठाऊक होतं. नांदेडला शिकत असताना परीक्षेत लिहिलंही होतं आणि मार्कही चांगले पडले होते. तरीही माझ्या हातून चूक झाली.

किल्लारीकडचा भूकंप झाला तेव्हा मी सरकारी नोकरीत होते. आम्हाला तंबूतल्या दवाखान्यावर पाठवलं. कुठून कुठून औषधांची खोकी येत होती, काहींवरची लिपीसुद्धा ओळखता येत नव्हती. दिवसभर खोकी फोडायची, औषधं लावायची, पुड्या बांधायच्या. जमीन अधूनमधून हलायचीच. जवळून ट्रक गेला तरी माणसं उठून पळायची. छातीत धडधड ही तक्रार तर जवळपास प्रत्येकाची. बाहेरून आलेले डॉक्टर बिचारे शंभर माणसं तपासत आणि चिठ्ठी माझ्याकडे पाठवत.

त्या रांगेत एक अप्पा आले. सत्तरीचे असतील. घर पडलेलं, बायको त्याच्याखाली गेलेली. चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल. मी गोळ्या मोजत होते, तेव्हा अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढून दाखवलं. “घरातलं समदं गेलं बाई. ही शुगरची गोळी तेवढी खिशात ऱ्हायली. येकदा बी चुकवली न्हाई बघा.” मला त्यांचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, “शाब्बास अप्पा.” आणि पुडी त्यांच्या हातात दिली. जेवता का, हे विचारलं नाही.

अप्पा जेवत नव्हते. जेवणाच्या गाड्या येत होत्या, पण त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गोळ्या मात्र दोन्ही वेळेवर घेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तंबूच्या खांबाला टेकून बसलेले दिसले. सदरा घामाने भिजलेला, नजर कुठंतरी लागलेली. येणारा-जाणारा म्हणाला, धक्का बसलाय, बसू द्या. मीही जाता-येता पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं. दुपारी ते गेले.

त्यांची साखर कुणी तपासली नव्हती. त्यामुळे ते माझ्या पुडीने गेले की दुःखाने, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. कुणी मला जाब विचारला नाही. विचारणारं त्यांचं कुणी उरलंही नव्हतं. पण ‘शाब्बास अप्पा’ हे दोन शब्द मी स्वतःला माफ केलेले नाहीत, आणि या वयात आता करणारही नाही. ते तीन प्रश्न त्या तंबूतून माझ्याबरोबर आलेत. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढं नोकरी सोडून लातूरला दुकान टाकलं. लातूरच्या अभ्यासाची कीर्ती तेव्हा सगळीकडे पसरत होती आणि आमच्या गल्लीत माणसापेक्षा ट्यूशनच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. जो तो पोराला डॉक्टर करायला निघालेला. डोकेदुखी, ॲसिडिटी आणि झोप न येण्याची गोळी हा माझा मुख्य धंदा. परीक्षा जवळ आली की एखादा पोरगा हळूच विचारायचा, “काकू, हात थरथरायचे थांबतात ती गोळी हाय का?” म्हणजे हीच, ठोक्याची. कुणीतरी मोठ्या वर्गातला सांगायचा. मी म्हणायची, “आहे. पण तुझ्यासाठी न्हाई. थरथरत लिही, मार्क पडतात.”

या गल्लीतली एक रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. आसपासच्या गावांतली पोरं इथं खोली करून राहायची, पण जेवण गावाकडून यायचं, एसटीने. आई पहाटे उठून डबा करायची, गावच्या स्टँडवर कंडक्टरच्या ताब्यात द्यायची आणि पोरं लातूरच्या स्टँडवर आपापला डबा उचलायची. डब्यावर ऑइलपेंटने नाव घातलेलं. दुपारच्या गाडीने डबा माघारी. पण परतीचा डबा रिकामा क्वचितच जायचा. त्यात घरच्यांची औषधं जायची. किती माणसांच्या गोळ्या मी दिल्या, ज्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही! पोरगा सांगणार, “बाबाची ती बीपीची,” आणि मी देणार. माझे तीन प्रश्नही पोरामार्फत जायचे आणि उत्तरं दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर यायची.

अर्चना अशाच एका डब्याची मालकीण. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातली, बारावी सायन्सची. वडील नव्हते. आई, सरूबाई, शिवणकाम करायची. सरूबाईंना शुगर होती आणि तिच्या गोळ्या अर्चना माझ्याकडून नेऊन डब्यात घालायची. दुसरं कुठलंच औषध नाही, जेवण वेळेवर, हे मी सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं. एकदा विचारलं की झालं, अशी माझी समजूत होती. त्या मंगळवारी ती मोडली.

थंडीचे दिवस होते. बारा वाजता अर्चना दुकानात आली आणि तिने डबा काउंटरवर आपटला. डोळे लाल. “काकू, ॲसिडिटीची गोळी द्या. आन् हे बघा, आईनं काय पाठवलंय ते.”

मी झाकण काढलं. वरच्या कप्प्यात कोरडं ज्वारीचं पीठ, हाताने थापून नीट बसवलेलं. खालच्या कप्प्यात चार अख्खी वांगी, देठासकट, वर तेल आणि तिखट. आणि सगळ्यात खाली मूठभर मीठ. डबा नेहमीसारखा फडक्यात बांधलेला होता, गाठही व्यवस्थित.

“राग काढायली माझ्यावर,” अर्चना म्हणाली. “रविवारी फोनवर भांडण झालं. टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून.”

मी म्हटलं, “पोरी, आई रागावली तर बोलेल, मारेल, बोलणं टाकेल. डब्यावर राग काढणारी आई मी अजून बघितली नाही.” बोलता बोलताच मी ते पीठ पुन्हा पाहिलं. हे रागाचं काम नव्हतं. हात सवयीने चाललेले होते आणि डोकं जागेवर नव्हतं. साखर खाली गेली की माणूस असंच करतो. कुणी चप्पल फ्रीजमध्ये ठेवतो, कुणी दाराला कुलूप लावून तिथंच उभा राहतो. पण सरूबाई चार वर्षं ती गोळी घेत होत्या. साखर घसरली की त्यांना लगेच कळायचं, त्या गूळ खायच्या. हे मला अर्चनानेच सांगितलं होतं.

“आईला दुसरी कुठली गोळी सुरू झालीय का?”

“व्हय की. धा दिस झाले. मामानं नांदेडला नेलं होतं. ठोके चुकायलेत म्हणले तिथले डॉक्टर. तिथंच गोळी घेतली. आता लई बरं हाय म्हणली, धडधड पार थांबली.”

तिची थांबली हे ऐकून माझी सुरू झाली. “नांदेडच्या डॉक्टरला शुगरचं सांगितलं?”

“ठोक्याचा डॉक्टर हाय तो. त्याला कशाला सांगंल?”

“आज जेवली असेल का?”

“आज मंगळवार हाय ना. मार्क कमी पडले तवापासून मंगळवार आन् शुक्रवार धरलेत तिनं माझ्यासाठी. माहूरच्या देवीला बोलली हाय, माझा मेडिकलला नंबर लागंपतुर. दिवा लागंस्तोवर तोंडात काय घालत न्हाई.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या घेते की पहाटं. डॉक्टरनं चुकवायच्या न्हाईत म्हणलंय.”

जेवण चुकवायचं, पण गोळी चुकवायची नाही. देवीचंही ऐकायचं आणि डॉक्टरचंही. आपल्याकडच्या बायका अशाच असतात, कुणाचाच शब्द मोडत नाहीत आणि स्वतःला मोडून घेतात. मला त्या क्षणी सरूबाईंचा राग आला, मामाचा आला, आणि सुरुवातीनंतर चार महिन्यांत पुन्हा एकदाही न विचारलेल्या माझ्या स्वतःच्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला.

गावच्या स्टँडसमोर बसवंतअप्पांचं किराणा दुकान होतं, गावातला लागणारा फोन तेवढाच. तिसऱ्यांदा लावल्यावर लागला.

“सरूबाई? आली हुती की सकाळी डबा घिऊन,” बसवंतअप्पा म्हणाले. “थंडीत बी घामानं भिजली हुती बघा. म्हणलं चुलीम्होरून उठून आली आसंल.”

“अप्पा, आत्ता तिच्या घरी जा. पळत जा. मी दहा मिनिटांनी फोन करते.”

दहा मिनिटांनी अप्पा धापा टाकत होते. “झोपली हाय ओ. उपासानं थकली आसंल. आयाबाया म्हणायल्या, झोपू द्या.”

“झोपू देऊ नका! हलवून उठवा. उठून नीट गिळत असेल तरच साखरपाणी पाजा.”

पुन्हा दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी काउंटरवर उभी होते आणि अर्चना त्या पिठाच्या कप्प्याला झाकण लावत होती, काढत होती. मग अप्पांचा आवाज, आता चांगलाच घाबरलेला. “डोळं उघडायली, पर वळखंना मला. बोलंना बी.”

“मग तोंडात थेंबही घालू नका. जीप काढा आणि शिरूर अनंतपाळच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथं गेल्या गेल्या सांगायचं: शुगरची गोळी घेतली हाय, ठोक्याची गोळी घेतली हाय, पोटात अन्न न्हाई. म्हणून दाखवा.”

“कळलं की बाई.”

“म्हणून दाखवा.”

“मी किराणावाला हाय, साळंतलं पोर न्हाई!”

“तरी म्हणा.”

अप्पांनी म्हणून दाखवलं. मी तीनदा म्हणायला लावलं. गावातल्या एकुलत्या एक फोनवर ओरडून औषधांचा पाढा म्हणणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आजही तो मला भेटला की नमस्काराऐवजी ती तीन वाक्यं म्हणतो.

मी शटर ओढलं. अर्चना म्हणाली, “काकू, दोन वाजता टेस्ट...” आणि तिथंच थांबली. तोंड कसनुसं झालं तिचं. त्या गल्लीत राहून राहून पोरांच्या जिभेला तेवढं एकच वळण पडलेलं असतं, त्यात तिचा काय दोष?

एकची गाडी महेबूबभाई कंडक्टरांची होती, तीच डबे आणणारी. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. “बसा आपा. आज चहा न्हाई,” ते म्हणाले आणि ड्रायव्हरला हाताला धरून घेऊन आले. गाडी बरोबर एकच्या ठोक्याला हलली. त्या स्टँडवर असलं दृश्य मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं. वाटेत महेबूबभाई तिकिटं फाडून झाल्यावर आमच्या पुढच्या बाकावर येऊन बसले. “रोज म्हणते, भाऊ, डबा उभा ठेवा, रस्सा सांडंल. आज नुसता हातात दिला, काय बोलली न्हाई. मला समजायला पायजे होतं, आपा.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही कंडक्टर आहात, समजायला मला पाहिजे होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. सरूबाई वाचल्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांची सगळी औषधं एका कागदावर लिहिली आणि दोन्ही डॉक्टरांना फोन केले. एक चिडले. म्हणाले, मेडिकलवाल्यांनी डॉक्टरकी करू नये. मी म्हटलं, करत नाही, फक्त वाचून दाखवते, आणि तरीही वाचून दाखवलं. दोन्ही गोळ्या बदलून मिळाल्या. त्या कागदाची रीत मग मी सगळ्याच डब्यांना लावली. घरात कुणालाही कुठल्याही गावाच्या डॉक्टरने काहीही दिलं, तरी ते झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर चढलं पाहिजे, नाहीतर माझ्याकडून गोळी मिळणार नाही. काही गिऱ्हाइकं त्यापायी तुटली, तुटू दिली. अर्चनाचा मेडिकलला नंबर लागला नाही. ती नांदेडला पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि चांगलं शिकवते असं ऐकते.

तर दवाखाना. आम्ही पोचलो तेव्हा सरूबाई खाटेवर होत्या, हाताला सलाईन, डोळे उघडे. बसवंतअप्पांनी ती तीन वाक्यं दारातूनच ओरडून सांगितली होती आणि डॉक्टरने पुढचं काही न विचारता आधी ग्लुकोज दिलं होतं. सरूबाईंनी लेकीकडे पाहिलं. पहिला प्रश्न, “डबा पोचला का?”

अर्चना म्हणाली, “पोचला. लई भारी झालता.” आणि आईच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. मीही तोंड फिरवलं.

पण लढाई संपली नव्हती. तिथला डॉक्टर तरुण पोरगा होता. म्हणाला, साखर वर आलीय, ही बाटली संपली की न्या घरी. मी म्हटलं, ही शुगरची गोळी लांब पल्ल्याची आहे, साखर पुन्हा घसरणार, आणि ठोक्याची गोळी अंगात असताना तिला कळणारही नाही. उद्यापर्यंत ठेवा आणि सारखी तपासत राहा. त्याने विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात?” मी म्हटलं, “नाही. मेडिकलवाली आहे.” बसवंतअप्पांनी सरूबाईंच्या घरातून उचलून आणलेल्या दोन्ही पाकिटांवरची नावं त्याने पुन्हा वाचली आणि म्हणाला, “ठेवू या.” वयाने लहान, पण मनाने मोठा माणूस.

मग सरूबाईच अडल्या. “उद्याचा डबा कोण करंल?” त्यावर अर्चनाने दम दिला की मी इथनं हलणारच न्हाई, मग डबा कुणासाठी करतीस? ते त्यांना पटलं. तेवढ्यात त्यांची नजर वर टांगलेल्या बाटलीकडे गेली. नर्सला विचारलं, “काय हाय त्याच्यात?”

नर्स सरळ बोलली, “ग्लुकोज. साखरच की मावशी.”

सरूबाईंनी दुसऱ्या हाताने पट्टी सोडायला घेतली. “काढा ही. दिवा लागायला टाइम हाय आजून. मंगळवार मोडायली तुमी माझा.”

नर्सने हात धरला, अर्चनाने दुसरा धरला. अंगात त्राण नव्हतं, पण बाई ऐकेनात. “आई, मला न्हाई पायजे मेडिकल,” अर्चना ओरडली. “मला तू पायजेस.”

“गप बस. शबुद दिलाय मी. उद्या तुझा नंबर हुकला तर जलमभर मला वाटंल, त्या मंगळवारानं हुकला.”

डॉक्टरने समजावलं, मी समजावलं. साखर, मेंदू, ठोके, सगळं सांगून झालं. त्या शांतपणे ऐकायच्या आणि पुन्हा पट्टीला हात घालायच्या. सुई निघाली असती तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तीच गत झाली असती, आणि दुसऱ्या वेळेला डबा काही सांगायला येणार नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर तंबूचा खांब आला. मनाशी म्हटलं, आज नाही. काय वाटेल ते होवो, आज नाही.

मी स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटलं, “सरूबाई, मी लातूरची सून आहे, पण लेक माहूरची. गडाच्या वाटेवर माझ्या वडलांचं कुंकवाबांगड्यांचं दुकान होतं. देवीच्या पायाशीच वाढले मी.”

त्यांचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मेडिकलवालीचं त्यांना काही ऐकायचं नव्हतं, माहूरवालीचं ऐकायचं होतं.

“खरं?”

“खरं.”

“मग तुमीच सांगा. सलाईननं उपास मोडतो का?”

दवाखान्यातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. औषधाबद्दल मी उभ्या आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नाही. बाटलीत साखर होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. माझ्या लहानपणी गडावर सलाईन लावलेला भाविक कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे असला नियमही कुणी केलेला नव्हता. कुणीतरी करायलाच पाहिजे होता.

“तोंडातून गेलं तर मोडतो,” मी म्हटलं. “शिरेतून गेलेलं देवी धरत नाही.”

“पक्कं?”

“माहूरची हाय मी.”

सरूबाईंनी सुटलेली पट्टी आपल्याच बोटाने दाबून बसवली, हात खाटेवर सरळ पसरला आणि नर्सला म्हणाल्या, “मग आजून एक लावा की.”